म्हाताऱ्या कुत्र्याचा विमा उतरावा काय?

आमच्या मासिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांस वरील मथळा वाचून प्रथम हंसूं येईल, हें मी जाणून आहें. ज्या घरीं मनुष्याचा विमा नाहीं, बैलाचा नाहीं, आणि पिकाचा असला तर तो मुदतीच्या शेवटच्या रात्रीं धांवतपळत भरलेला, त्या घरीं कुत्र्याच्या विम्याची गोष्ट काढणें म्हणजे ‘घरांत नाहीं दाणा आणि मला बाजीराव म्हणा’ यांतलाच प्रकार होय, असें कोणी म्हणेल. परंतु गेल्या वैशाखांत हा प्रश्न माझ्या ओटीवर येऊन बसला, आणि त्याचा निकाल करतांना ज्या गोष्टी मला कळल्या त्या केवळ कुत्र्यापुरत्या नाहींत. म्हणून संपादकांच्या परवानगीनें चार शब्द लिहितों.

प्रथम स्वतःविषयीं थोडेंसें. मी महसूल खात्यांत कारकून होतों. शिक्षण मराठी शाळेपुरतें. पुढें जें कांहीं शिकलों तें दप्तरांत बसून शिकलों. अठ्ठावन्न वर्षें पुरीं होतांच नियमाप्रमाणें निवृत्त झालों, आणि आतां जुन्नर तालुक्यांतील वडिलोपार्जित साडेतीन एकरांत ऊस, कांदा व थोडा चारा करून असतों. आमचें घर गांवांत नसून मळ्यांत आहे. दोन गाई, चार शेळ्या आणि मोत्या नांवाचा एक गांवठी कुत्रा एवढा अंगणांतील परिवार. मोत्याचें वय अकरा वर्षें. हें वय मी अंदाजानें सांगत नाहीं. धाकट्या मुलीच्या लग्नाच्या वर्षीं, ज्येष्ठांत, त्यास पिलूं म्हणून आणल्याची नोंद माझ्या रोजकीर्दींत आहे.

जुन्नर, आंबेगांव, अकोले या भागांतील शेतकऱ्यांस कुत्र्याचें मोल सांगावयास नको. उसाच्या फडांत बिबट्या वस्ती करूं लागल्यापासून मळ्यांतील रात्र पूर्वींची राहिलेली नाहीं. गोठ्याबाहेर पहिलें भुंकणें कुत्र्याचें असतें, आणि पहिला घांसहि पुष्कळदां त्याचाच होतो. अकोले तालुक्यांत बिबट्याच्या खाण्याचा शास्त्रीय अभ्यास झाला आहे. त्यांत त्याच्या भक्ष्यापैकीं वजनानें सुमारें ३९ टक्के भाग गांवच्या कुत्र्यांचा भरला. शेळ्यांचा भाग त्याहून पुष्कळ कमी होता. असें असूनहि बिबट्यानें गाय अगर शेळी मारली तर वनखात्याकडून भरपाई मिळते, आणि कुत्रा नेला तर मालकानें दोन दिवस हळहळावें व तिसऱ्या दिवशीं दुसरें पिलूं शोधावें, एवढाच उपाय राहतो. अतिवृष्टीच्या पंचनाम्यांत गाय, बैल, शेळी, कोंबडी यांचे रकाने मीं स्वतः भरले आहेत. कुत्र्याचा रकाना तीस वर्षांच्या नोकरींत माझ्या पाहण्यांत आला नाहीं.

गेल्या कार्तिकांत मोत्याच्या पोटाखालीं एक गांठ वाढूं लागली. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांतील डॉक्टरांनीं ती पाहून पुण्यास नेण्याचा सल्ला दिला. शस्त्रक्रिया, औषधें व गाडीभाडें मिळून ९,५०० रुपये खर्च आला. कुत्रा बरा झाला. परंतु गांठ पुन्हां उद्भवूं शकते, असें डॉक्टरांनीं सांगून ठेवलें होतें. ही हकीकत पुतण्याच्या कानीं होतीच. वैशाखांत तो आपल्या ओळखीच्या एका तरुण विमा एजंटास घेऊन आला.

एजंट बोलावयास गोड होता. “काका, आतां कुत्र्यांचाहि आरोग्यविमा निघतो. पुन्हां शस्त्रक्रिया करावी लागली तर पैसे कंपनी भरील,” असें म्हणून त्यानें कागद काढले व मोत्याचें वय विचारलें. मीं अकरा सांगितलें. त्याची लेखणी थांबली.

“अकरा नको काका, आपण सहा लिहूं. कुत्र्याचा जन्माचा दाखला कोण मागतो?”

“आणि गांठीची शस्त्रक्रिया झाली आहे तें कोठें लिहावयाचें?” मीं विचारलें.

“तें लिहावयाचेंच नाहीं.”

पुतण्यानेंहि दुजोरा दिला. “तात्या, सगळेच असें करतात. तुम्ही उगीच कचेरींतल्यासारखें करूं नका.”

मला मोह झाला नाहीं, असें मी म्हणणार नाहीं. ९,५०० रुपये ही माझ्या निवृत्तिवेतनांतून सहज सुटणारी रक्कम नव्हे, आणि मोत्या त्या वेळीं माझ्या पायाशींच पडला होता. मीं दोघांस चहा देऊन वाटेस लावलें, कागद ठेवून घेतले आणि आठ दिवस ते बारकाईनें वाचले. त्या वाचनांतून बनलेलें माझें मत पुढें देत आहें.

विमा हा धर्मादाय नव्हे व पैसे वाढविण्याची युक्तीहि नव्हे, ही पहिली गोष्ट शेतकऱ्यानें लक्षांत घ्यावी. जें संकट शंभरांतून दोघांवर येतें, पण ज्याच्यावर येतें त्यास बुडवितें, तें शंभरांनीं थोडें थोडें वांटून घेणें म्हणजे विमा. घराच्या आगीचा विमा शक्य होतो तो सर्वांचीं घरें एकदम जळत नाहींत म्हणून. आतां म्हातारपणाकडे पहा. म्हातारपण शंभर कुत्र्यांपैकीं शंभरांसहि येतें. गुडघे धरणें, डोळ्यांत फूल पडणें, दांत किडणें, मूत्रपिंड थकणें, गांठी येणें, न फळविलेल्या व शस्त्रक्रिया न केलेल्या कुत्रीच्या गर्भाशयांत पू होणें, हे उतारवयांतील नेहमींचे विकार आहेत. जें बहुतेकांवर येणारच तें वांटून घेण्यास दुसरा कोणी उरत नाहीं. म्हणून म्हाताऱ्या कुत्र्याचा विमा एकतर मिळत नाहीं, किंवा मिळालाच तर त्याचा हप्ता होणाऱ्या खर्चाच्या आसपास जाऊन बसतो. यांत कंपनीचा दुष्टपणा नाहीं. हा साधा हिशेब आहे.

आपल्याकडे सरकारी विमा कंपन्या कुत्र्यांचा विमा बऱ्याच वर्षांपासून घेत आल्या आहेत. खाजगी कंपन्यांपैकीं बजाज आलियान्झनें २०२० सालीं कुत्र्यांसाठीं स्वतंत्र योजना काढली, व पुढें इतर कंपन्याहि या क्षेत्रांत उतरल्या. या योजनांचे तपशील निरनिराळे असले तरी सांचा बहुतेक एकच आहे. कुत्रा सात किंवा आठ वर्षांचा झाल्यावर सामान्यतः नवा विमा घेत नाहींत. थोराड जातींच्या कुत्र्यांस ही मर्यादा त्याहूनहि अलीकडची असते. चालू असलेला विमा दहा वर्षांच्या सुमारास संपतो. विमा घेण्यापूर्वींचा आजार वगळलेला असतो. आरंभींचे कांहीं दिवस आजाराचा दावा चालत नाहीं. ज्या रोगांची लस निघाली आहे ते रोग लस न टोंचतां झाले, तर पैसे मिळत नाहींत. खर्चाचा कांहीं हिस्सा मालकानेंच सोसावयाचा असतो. आणि मृत्यूची भरपाई मागतांना पशुवैद्याचा दाखला द्यावा लागतो. आमच्या भागांत ज्या कुत्र्यास बिबट्या उचलून उसांत नेतो, त्याचें शरीरच सांपडत नाहीं. मग दाखला कोणी, कशाच्या आधारें द्यावा, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

मृत्यूच्या विम्याविषयीं आणखी एक गोष्ट आहे. विम्याची भरपाई झालेल्या नुकसानीची असते. दुभती म्हैस मेली तर लाखाच्या घरांतील नुकसान होतें, कारण बाजारांत तिची किंमत आहे. अकरा वर्षांच्या गांवठी कुत्र्यास बाजारांत किंमत नाहीं. त्याच्या मरणानें माझें जें नुकसान होईल तें रुपयांत मोजतां येणारें नव्हे. आणि जें मोजतां येत नाहीं त्याचा विमा उतरत नाहीं. म्हणून म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाबतींत मृत्यूच्या विम्याचा विचार सोडूनच द्यावा. प्रश्न उरतो तो औषधोपचाराच्या खर्चाचा.

आतां वयाच्या खोट्या नोंदीविषयीं. माझें आयुष्य नोंदी करण्यांत गेलें. त्यांतून एक गोष्ट शिकलों, ती अशी कीं, चुकीच्या नोंदीचें फळ नोंद करतांना कधींच येत नाहीं. वारस समोरासमोर उभे राहतात तेव्हां तें येतें. विम्याचेंहि तसेंच आहे. हप्ता घेतांना कंपनी फारशी चौकशी करीत नाहीं. चौकशी दाव्याच्या वेळीं होते. विमा हा संपूर्ण विश्वासावर केलेला करार आहे, व महत्त्वाची गोष्ट लपविली असें सिद्ध झालें तर दावा नाकारण्याचा कंपनीस अधिकार पोंचतो. अकरा वर्षांच्या कुत्र्याचे दांत सहा वर्षांच्या कुत्र्यासारखे दिसत नाहींत. त्याच्या डोळ्यांतील निळसर झांक पशुवैद्यास दुरूनहि ओळखतां येते. पोटावरील टांक्यांची खूण तर आंधळ्याच्या हातासहि लागेल. म्हणजे मीं सहीनिशीं खोटें लिहून द्यावें, हप्ता भरावा, आणि ज्या दिवशीं खरी गरज लागेल त्या दिवशीं हात हालवीत परत यावें. एजंटास त्याची दलाली मात्र पहिल्या दिवशींच मिळते. “सगळेच असें करतात” हें वाक्य मीं कचेरींत पुष्कळदां ऐकलें आहे. तें म्हणणारा मनुष्य चौकशीच्या वेळीं जवळपास सांपडत नाहीं, असाहि माझा अनुभव आहे.

खोटें न लिहितां, वेळींच विमा घेतला असता तर काय झालें असतें, हेंहि मीं मांडून पाहिलें. माझ्या कीर्दीप्रमाणें मोत्याच्या आजारपणाचे खर्च असे: चौथ्या वर्षीं रानडुकरानें फाडलें तेव्हां २,१०० रुपये, नवव्या वर्षीं गोचिडांच्या तापांत ३,४०० रुपये, आणि अकराव्या वर्षीं गांठीचे ९,५०० रुपये. एकूण १५,०००. लस व जंतांचें औषध यांत धरलेलें नाहीं, कारण तो नित्याचा खर्च आहे व विम्यांत सहसा बसत नाहीं. आतां वर्षाचा हप्ता उदाहरणादाखल २,००० रुपये धरूं. दहा वर्षांचे २०,००० रुपये झाले. पहिले दोन खर्च विम्याच्या मुदतींत बसले असते. म्हणजे मालकाचा हिस्सा सोडून ५,५०० रुपयांहून कमी परत आले असते. सर्वांत मोठा खर्च अकराव्या वर्षीं आला, आणि तो मुदतीच्या बाहेर पडला असता. उलट, दरमहा २०० रुपये निराळे ठेवले असते तर अकरा वर्षांत व्याज सोडून २६,४०० रुपये जमले असते. सर्व उपचार भागून ११,४०० रुपये हातीं राहिले असते.

परंतु या हिशेबानें वाचकांनीं फसूं नये. मी स्वतः प्रथम फसलों होतों. घटना घडून गेल्यावर हप्ता वसूल झाला कीं नाहीं हें पाहणें ही विमा पारखण्याची खरी रीति नव्हे. ज्याच्या घरास तीस वर्षें आग लागली नाहीं तो आगीचा विमा फुकट गेला म्हणून रडत नाहीं. शिवाय माझ्या डब्यांत पहिल्या वर्षाअखेर फक्त २,४०० रुपये असते. त्याच वर्षीं मोत्या गाडीखालीं सांपडता, तर त्या डब्याचा उपयोग झाला नसता व विम्याचा झाला असता. म्हणून खरी कसोटी निराळी आहे: हें नुकसान माझें मला सोसवेल काय? सोसवत असेल तर स्वतः सोसावें; सोसवत नसेल तर हप्ता देऊन वांटून घ्यावें. या कसोटीनें पाहिलें तर शेतकऱ्याच्या घरांतील विम्याचा क्रम आपोआप लागतो.

पहिला क्रम कर्त्या मनुष्याचा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेंत १८ ते ७० वर्षांच्या खातेदारास वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा मिळतो. जीवनज्योति योजनेंत पन्नाशीच्या आंत शिरणाऱ्यास ४३६ रुपयांत २ लाखांचा आयुर्विमा मिळतो. हे हप्ते दरवर्षीं मेअखेर खात्यांतून आपोआप कापले जातात. त्या वेळीं खात्यांत शिल्लक नसली तर विमा गुपचूप बंद पडतो. माझ्या पुतण्याचा असाच बंद पडला होता, हें या कुत्र्याच्या निमित्तानें पासबुक पाहतांना उघडकीस आलें. जो मुलगा मला मोत्याचा विमा घ्या म्हणून सांगत होता, त्याचा स्वतःचा विमा २० रुपयांवांचून पडलेला! त्या दिवशीं त्यास चार शब्द ऐकावे लागले, हें सांगावयास नको.

दुसरा क्रम पिकाचा. २०२३ च्या खरिपापासून आपल्या राज्यांत एका रुपयांत पीकविमा मिळत होता. २०२५ पासून ती सवलत गेली, आणि शेतकऱ्याचा हिस्सा खरिपास २, रब्बीस १॥ व नगदी पिकांस ५ टक्के असा पूर्ववत् झाला. तरीहि हप्त्याचा मोठा भार सरकारच उचलतें. तिसरा क्रम दुभत्या व ओढकाम करणाऱ्या जनावरांचा. राष्ट्रीय पशुधन अभियानांत २०२४ सालीं झालेल्या सुधारणेप्रमाणें शेतकऱ्यानें हप्त्याचे १५ टक्के भरावयाचे असून बाकीची रक्कम केंद्र व राज्य सरकार मिळून देतात. गाय, म्हैस, बैल, शेळी, मेंढी, घोडा, गाढव एवढींच नव्हे तर डुक्कर व ससाहि त्या योजनेंत आहे; कुत्रा मात्र नाहीं. म्हणजे कुत्र्याच्या विम्याचा पुरा हप्ता मालकासच भरावा लागतो. हे तीन क्रम पुरे झाल्यावर ज्याच्याजवळ पैसा उरेल त्यानेंच चौथ्या क्रमाचा विचार करावा.

चौथा क्रम कोणीं केव्हां घ्यावा? ज्याचा कुत्रा तरुण आहे, किंमत देऊन आणलेला आहे, उदाहरणार्थ मुधोळ किंवा कारवानी जातीचा असून राखणीसाठीं अगर पैदाशीसाठीं पाळलेला आहे, त्यानें विमा घेणें शहाणपणाचें ठरूं शकेल. परंतु त्यानें सही करण्यापूर्वीं पांच प्रश्न लेखी विचारावेत. कोणत्या वयापर्यंत विमा चालूं राहील? कोणते आजार वगळले आहेत? एका आजारास जास्तींत जास्त किती रक्कम मिळेल, व त्यांत माझा हिस्सा किती? कुत्र्याची ओळख कशी पटवावयाची, छायाचित्रावरून कीं कातडीखालीं बसविलेल्या चिपेवरून? आणि कुत्र्यानें दुसऱ्या कोणास चावल्यास त्याची जबाबदारी विमा घेतो काय? तोंडी उत्तरांवर विसंबूं नये. कंपनीनें अन्यायानें दावा नाकारला तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे विनामूल्य जातां येतें. मुंबईस व पुण्यास त्यांचीं कार्यालयें आहेत.

पांचवा प्रश्न मीं मुद्दाम शेवटीं ठेवला. म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाबतींत माझ्या मतें खरा धोका त्याच्या आजाराचा नसून त्याच्या दांतांचा आहे. म्हातारा कुत्रा कमी पाहतो व कमी ऐकतो, आणि दुखणाऱ्या अंगास अचानक हात लागला कीं ओळखीच्या मुलासहि चावतो. पाळलेल्या जनावरापासून माणसाच्या जिवास धोका होऊं नये यासाठीं आवश्यक ती खबरदारी न घेणें हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खालीं गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. त्याहूनहि भयंकर गोष्ट पिसाळ रोगाची. त्याचीं लक्षणें एकदां दिसूं लागल्यावर मनुष्य जवळजवळ कधींच वांचत नाहीं. आणि वेळेवर लस घेतल्यास तो हटकून टळतो. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी, तीवर मिरची, चुना अगर तेल लावूं नये, आणि त्याच दिवशीं सरकारी दवाखाना गांठावा. आपल्या कुत्र्यास दरवर्षीं लस टोंचून त्याचा कागद जपून ठेवावा. वर्षाची ही एक सुई म्हणजे कुत्र्याचा, घरच्या मुलांचा व शेजाऱ्यांचाहि विमाच होय, आणि याच्याइतका स्वस्त विमा कोणतीहि कंपनी देणार नाहीं.

मग म्हाताऱ्या कुत्र्यासाठीं मालकानें करावें तरी काय? मीं जें केलें तें सांगतों. पोस्टांत माझ्या नांवें दरमहा २०० रुपयांची आवर्ती ठेव उघडली व तिच्या पासबुकावर पेन्सिलीनें ‘मोत्या’ असें लिहून ठेवलें. एवढ्यानें मोठी शस्त्रक्रिया भागणार नाहीं, हें मला ठाऊक आहे. म्हणून खर्चाआधीं विचार कोणता करावयाचा, हेंहि डॉक्टरांशीं बोलून ठरविलें. दर सहा महिन्यांनीं त्यास तालुक्याच्या दवाखान्यांत दाखवावयाचें. तें न जमल्यास १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरत्या पथकाची चौकशी करावयाची. गोचीड निघत राहील असें पाहावयाचें, कारण नवव्या वर्षाचा ताप त्यामुळेंच आला होता. रात्रीं त्यास अंगणांत मोकळा न सोडतां गोठ्याच्या जाळींत घ्यावयाचा. अकरा वर्षें त्यानें गोठा राखला; आतां गोठ्यानें त्यास राखावें. आणि गांठ पुन्हां आलीच, तर दोन प्रश्न विचारावयाचे: या उपचारानें त्यास सुखाचे कांहीं महिने मिळतील काय, आणि ते न मिळतील तर त्याच्या वेदना कशा कमी होतील? बरा होण्याची आशा नसून यातना असह्य झाल्या, तर डॉक्टरांच्या हातून शांत मरण देणें हें त्यास उपाशी व विव्हळत कोपऱ्यांत पडूं देण्यापेक्षां अधिक माणुसकीचें आहे. उपचाराची मर्यादा कुत्र्याच्या सुखदुःखानें ठरावी. ती कंपनीच्या कलमांनीं ठरूं नये, व शक्य तोंवर मालकाच्या कृपणपणानेंहि ठरूं नये.

येथें एक आक्षेप घेण्यांत येईल. “माणसांच्या औषधास पैसा नाहीं, तेथें कुत्र्याचे लाड कशास?” असें विचारणाऱ्यास मी दोष देत नाहीं. ज्याच्या घरीं खरोखरच तशी अवस्था आहे त्यानें घरच्या माणसासच आधीं पाहावें. परंतु आपण पोळ्यास बैलाच्या शिंगांस बेगड लावतों, दत्ताच्या तसबिरींत चार कुत्र्यांस हात जोडतों, धर्मराजानें कुत्र्यावांचून स्वर्गांत पाऊल टाकण्याचें नाकारल्याची कथा मुलांस सांगतों, आणि स्वतःच्या अंगणांतील म्हाताऱ्या कुत्र्यास शेजारच्या गांवच्या बाजारांत सोडून येतों. अशीं सोडलेलीं कुत्रीं मीं पाहिलीं आहेत. दर बाजारीं तीं येणाऱ्या प्रत्येक बैलगाडीच्या व टेंपोच्या मागें थोडें धांवून परत फिरतात. या पापास कोणत्याहि पंचनाम्यांत रकाना नाहीं. म्हणून तें घडत नाहीं, असें मात्र नव्हे.

शेवटीं आपल्या संघास एक सूचना करून लेख आटोपतों. प्रतिवर्षीं २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाच्या सुमारास पशुसंवर्धन खात्याच्या साहाय्यानें सभासदांच्या कुत्र्यांस लस टोंचण्याचें शिबिर संघानें भरवावें. तसेंच ज्या सभासदांची इच्छा असेल त्यांनीं दरमहा १० रुपये काढून एक साहाय्यनिधि उभारावा, व त्यांतून राखणीच्या कुत्र्याच्या मोठ्या दुखापतीस शिल्लक पाहून मदत करावी. मात्र त्यास विमा म्हणूं नये व ठराविक रकमेचें वचन कोणास देऊं नये; कारण १९३८ च्या विमा कायद्याप्रमाणें नोंदणीवांचून विम्याचा धंदा करतां येत नाहीं. एवढी खबरदारी एका जुन्या कारकुनानें सुचविली तर सभासद रागावणार नाहींत, अशी आशा आहे.

सारांश, तरुण व किंमती कुत्र्याचा विमा घरचे इतर विमे पुरे झाल्यावर विचारपूर्वक घ्यावा. म्हाताऱ्या कुत्र्याच्या विम्यामागें लागूं नये, आणि त्यासाठीं खोटें वय तर कधींहि लिहूं नये. लस, स्वच्छता, रात्रीचा निवारा आणि दरमहा थोडी शिल्लक हाच त्याचा खरा विमा. एजंटाचे कागद मीं पुतण्याच्या हातीं परत पाठविले. वयाच्या रकान्यांत तेवढें माझ्या हातानें ‘अकरा’ असें लिहिलें होतें. कंपनीकडून अद्याप उत्तर नाहीं. मोत्या या वेळीं ओटीखालीं झोंपला आहे. कोणी फाटकाशीं आलें तर हल्लीं तो उठत नाहीं, नुसती मान उचलून एकदां भुंकतो. आमचें काम तेवढ्यानेंहि भागतें.

— एक निवृत्त महसूल कारकून